फोटोमागची गोष्ट: हौशी छायाचित्र स्पर्धेत भाग घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हौशी छायाचित्र स्पर्धेत प्रत्येक फोटोसोबत त्याची गोष्ट मागितली जाते. फोटो पाठवताना कोणी फारसं अडत नाही, गोष्टीपाशी मात्र बहुतेकांचं घोडं अडतं. मी गेली काही वर्षं या गोष्टी वाचते, प्रदर्शनात फोटोशेजारी लावण्यासाठी त्या नीट करून घेते आणि लिहिणाऱ्यांशी फोनवर बोलते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि काहींची माझी उत्तरं अनुभवाने बदललीही आहेत. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

कॅप्शन आणि गोष्ट यांत फरक काय?

कॅप्शनमध्ये कोण, काय, कुठे, कधी एवढं येतं. ते दोन ओळींत संपतं आणि ते हवंच. गोष्टीत त्यापलीकडचं येतं: बटण दाबण्याआधी काय चाललं होतं, चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं, नंतर काय झालं, आणि रस्त्याने इतकी माणसं जात असताना तुम्हीच तिथे का थांबलात.

फोटो बोलका असेल तर गोष्ट कशाला? चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत असं म्हणतात.

हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. नयन खानोलकर यांचा मुंबईच्या आरे वसाहतीतला बिबट्याचा फोटो आठवून बघा. रात्रीची वेळ, घरांमधली अरुंद बोळ आणि त्यातून चालत येणारा बिबट्या. २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागात तो पहिला आला. हा फोटो नुसता बघितला तर मनात भीतीच येते, बिबट्या वस्तीत घुसला! गोष्ट वाचली की कळतं, तिथल्या वारली लोकांसाठी बिबट्या हा त्यांच्या जगण्याचा भाग आहे, त्यांच्या भिंतींवरच्या चित्रांतही तो असतो. कॅमेरा लावण्याआधी खानोलकरांनी त्या लोकांना आपला हेतू पटवून दिला होता. म्हणजे जो फोटो आपण घबराटीचा समजत होतो, तो शेजाराचा निघाला. फोटोत काहीच बदललं नाही, बघणारा बदलला.

शब्दांनी फोटोची कमतरता भरून काढायची नसते, हे खरं. फोटो हलला असेल तर कितीही हृदयस्पर्शी गोष्ट लिहा, तो हललेलाच राहणार. पण फोटोत मावत नाही असं काहीतरी जवळजवळ प्रत्येक वेळी असतंच.

किती शब्द हवेत?

शंभर ते दोनशे. त्यापुढे लोक उभ्या उभ्या वाचत नाहीत, पुढच्या फोटोकडे सरकतात.

मला लिहिता येत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणारे लोक फोनवर पंधरा मिनिटं रंगवून सांगत असतात! तेच सांगणं कागदावर आणायचं आहे, बाकी काही नाही. मित्राला व्हॉइस मेसेज पाठवताय असं समजून बोला, मग ते ऐकून उतरवून काढा.

एक उदाहरण देते. एका मुलाने भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर काढलेला फोटो पाठवला होता. पहाटेचं धुकं, पत्र्याची होडी, होडीत उभा राहून जाळं फेकणारा माणूस, आणि जाळं नुकतंच हवेत उघडलेलं. फोटो सुरेखच होता. सोबतची गोष्ट अशी होती: ‘निसर्गाच्या कुशीतला जीवनसंघर्ष. पोटाची खळगी भरण्यासाठी पहाटेपासून राबणारा हा कष्टकरी आपल्याला जगण्याची प्रेरणा देतो.’

हेच शब्द खाडीवरच्या, समुद्रावरच्या, कुठल्याही मच्छीमाराच्या फोटोखाली लावा, खपून जातील. म्हणून मी त्याला फोन केला. जाळ्यात काय लागलं, असं विचारलं. म्हणाला, चिलापी, असेल दोन-तीन किलो. मग विचारलं, या माणसाच्या दोन्ही हातांत जाळं आहे, मग होडी कोण धरून होतं? तो जरा थांबला. म्हणाला, त्यांची बायको होती मागच्या टोकाला, वल्हं घेऊन; चौकट बिघडत होती म्हणून क्रॉप केलं. आणि ते काका काही बोलले का? बोलले की, म्हणाला. परत येताना पाण्याकडे हात करून म्हणाले, ‘इथं खाली आमचं रान हाय.’

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. कडक उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही वर येतं. हे त्या मुलाला माहीत होतं, फक्त ते ‘गोष्टी’त लिहायचं असतं असं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने हे पाठवलं:

‘पहाटे सहाला आम्ही पाण्यात होतो. काका जाळं फेकत होते. काकी मागे बसून वल्ह्याने होडी धरत होत्या, नाहीतर जाळं फेकताना ती कलंडते. काकी फोटोत नाहीत कारण मी त्यांना कापलं. तीन वेळा जाळं टाकून दोन-तीन किलो चिलापी मिळाली. परत येताना काकांनी होडी थांबवली आणि सांगितलं की इथं खाली आमचं रान आहे. मी पाण्याकडे बघितलं. काही दिसलं नाही. आपण त्यांच्या वावरावरून चाललोय हे मला तेव्हा कळलं.’

यात अलंकार नाहीत. ‘जीवन’ नाही, ‘संघर्ष’ नाही, ‘प्रेरणा’ तर नाहीच. प्रदर्शनात लोक या फोटोपाशी सगळ्यात जास्त वेळ उभे होते.

आमच्या बोलीत लिहिलं तर चालेल का?

जरूर लिहा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, जे तुमच्या तोंडी असेल ते. माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहिताना तर बोलीच हवी. वरच्या गोष्टीत मुलाने ‘आमचं रान आहे’ असं प्रमाण करून टाकलं होतं, ते प्रदर्शनात मी त्याला विचारून पुन्हा ‘रान हाय’ केलं.

फोटोतल्या माणसाचं नाव विचारायला संकोच वाटतो. नावाशिवाय चालणार नाही का?

चालतं, कधी कधी चालवावं लागतं. रस्त्यावरच्या गर्दीत, दिवेघाट चढणाऱ्या दिंडीत प्रत्येकाचं नाव कुठून विचारणार! पण एकाच माणसाचा चेहरा तुमच्या फोटोचा विषय असेल, तर नाव विचारायला हवं असं माझं ठाम मत आहे.

डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो तुम्ही पाहिला असेल. १९३६ साली कॅलिफोर्नियात, निपोमो इथल्या मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तो काढला. कपाळावर आठ्या, हात गालाशी, दोन्ही बाजूंना तोंड फिरवून आईला बिलगलेली मुलं. अमेरिकेतल्या महामंदीचा तो चेहरा ठरला. लँग यांनी पुढे स्वतःच लिहिलं की आपण त्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं. मात्र तिने अन्नासाठी गाडीचे टायर विकले होते, असंही त्यांनी लिहिलं. १९७८ मध्ये त्या बाई कोण हे जगाला कळलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन त्यांचं नाव. पुढे त्यांच्या घरच्यांनी सांगितलं की टायर विकल्याची गोष्ट खरी नाही. त्यांची गाडी बंद पडली होती म्हणून ते कुटुंब त्या तळावर थांबलं होतं, आणि गाडीचे टायर विकून चालणार कसं? वर्षानुवर्षं एक चुकीची गोष्ट त्या बाईंच्या चेहऱ्याला चिकटून होती, आणि ती दुरुस्त करायला त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

लँग फार मोठ्या छायाचित्रकार होत्या, त्यांची कळकळही खरी होती. त्यांच्याकडूनही हे झालं, म्हणून आपण जास्त जपायचं.

संकोच जाण्यासाठी मी एकच करते. फोटो काढून झाला की कॅमेरा खाली घेते, जवळ जाते आणि स्क्रीनवर फोटो दाखवते. मावशी, बघा कसा आलाय. लोक हसतात, केस सारखे करतात, आणखी एक काढ म्हणतात. मग नाव विचारायला काहीच अवघड जात नाही. आणि हा फोटो स्पर्धेला पाठवू का, तुमचं नाव लिहू का, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. नको म्हणाल्या तर नको. नकाराचं कारण विचारू नये.

मी लांबून काढलाय, बोलणं झालेलं नाही. माणसाच्या मनात काय असेल ते कल्पनेने लिहू का?

कृपा करून लिहू नका. हे मी स्वतः केलंय.

वाईत कृष्णेच्या घाटावर एक आजी पायरीवर बसल्या होत्या. नऊवारी, काठी बाजूला ठेवलेली, नजर रस्त्याकडे. ऊन तिरपं आलं होतं. मी पलीकडच्या बाजूने लांब लेन्सने फोटो काढला आणि नाव दिलं ‘एकाकी’. गोष्टीत लिहिलं की मुलं शहरात गेली, वाट बघणारे डोळे थकले, वगैरे. एका स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रदर्शनात दहावीतली एक मुलगी माझ्यापाशी आली. म्हणाली, ही माझी आजी आहे. मी क्लासहून येते त्या वेळेला ती रोज तिथं येऊन बसते आणि आम्ही दोघी बरोबर घरी जातो. मग तिने विचारलं, ‘एकाकी का लिहिलंय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटोत एकटेपणा होता तो मी आणलेला होता. त्या आजींची खरी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर होती आणि ती मिळवायला मला फक्त पंचवीस पायऱ्या उतरून जायचं होतं. मी तो कागद त्याच संध्याकाळी काढायला लावला.

बोलणं झालं नसेल तर जे दिसलं तेवढंच लिहा. ‘आजी रस्त्याकडे बघत होत्या. अर्धा तास बघत होत्या. कोणाची वाट बघत होत्या ते मी विचारलं नाही.’ हेही पुरेसं आहे, आणि ते खरं आहे.

फोटो जुळवून घेतलाय. सांगायचं का?

सांगायचं. जुळवून घेतलेला फोटो कमी दर्जाचा नसतो. मुलीला खिडकीपाशी बसवून, पडदा अर्धा ओढून काढलेलं पोर्ट्रेट हे कौशल्याचंच काम आहे. जेजुरीच्या पायऱ्यांवर कोणाला सांगून पुन्हा एकदा भंडारा उधळायला लावला असेल, पाणपक्ष्यांना फरसाण टाकून जवळ बोलावलं असेल, पानावरच्या कोळ्याला स्प्रेने दवबिंदू घातले असतील, तर गोष्टीत तसं लिहा. परीक्षक मग फोटोकडे त्या नजरेने बघतात.

न सांगितलं तर मात्र पंचाईत होते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतच २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. काही महिन्यांतच तो बाद झाला, कारण लांडगा रानातला नसून बहुधा माणसाळवलेला आहे, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. छायाचित्रकाराने हे नाकारलं. पण उडी खरी होती, प्रकाश खरा होता, मेहनत खरी होती आणि तरी बक्षीस गेलं ते सोबतच्या गोष्टीमुळे. पाळलेल्या जनावराचा फोटो म्हणून तो कुठल्यातरी दुसऱ्या स्पर्धेत मानाने उभा राहिला असता, असं मला नेहमी वाटतं.

ठिकाण लिहायचं का?

माणसांच्या फोटोत लिहा, आणि बरोबर लिहा. २०१५ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या एका छायाचित्रमालेचं पहिलं बक्षीस काढून घेतलं, कारण तिच्यातला एक फोटो त्या शहरातला नव्हता, ब्रसेल्समधला होता. एका गावाची कळा सांगतोय म्हणायचं आणि फोटो दुसऱ्या गावचा लावायचा, यात पहिल्या गावावर अन्याय होतो. आपल्याकडे साताऱ्याच्या दुष्काळाखाली मराठवाड्यातल्या भेगाळलेल्या जमिनीचा फोटो येतो, तेव्हा हेच घडतं.

पक्षी, प्राणी, दुर्मिळ फुलं यांच्या बाबतीत मात्र उलट. तिथे जागा लपवा. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचा पत्ता फुटला की रविवारी दहा लेन्स त्या एका फांदीकडे रोखलेल्या असतात, पिलांना चारा घेऊन येणारी जोडी जवळ यायला घाबरते. कोणी नीट दिसावं म्हणून आडवी येणारी डहाळी तोडतं, आणि सावली गेल्यावर पिलं उन्हात भाजतात. घुबडांची तर अंधश्रद्धेपायी तस्करी होते, दिवाळीच्या सुमारास जास्तच. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याच्या बाजूला गाड्यांची रीघ लागते, आणि हेडलाइट-टॉर्चच्या उजेडात काजव्यांची एकमेकांना घालायची साद हरवते. तेव्हा तालुका लिहा, जिल्हा लिहा, ओढा आणि झाड लिहू नका. पायवाटेची वर्णनंही नकोत.

आणि हो, मोबाईलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. गोष्टीत जागा लपवली आणि फाइलमध्ये ती तशीच गेली, असं बऱ्याच जणांचं होतं. पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका. घरट्यांचे फोटो तर आमच्याकडे पाठवूच नका. स्पर्धेसाठी ते घेत नाही.

लहान मुलांचे फोटो?

आईवडिलांना विचारून. शाळेचं नाव, राहायचा पत्ता गोष्टीत नको. अत्याचार झालेल्या, गुन्ह्यात सापडलेल्या किंवा निराधार म्हणून संस्थेत असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो किंवा माहिती प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. अशा ठिकाणी हेतू कितीही चांगला असला तरी फोटो पाठवू नका.

दुःखाचा, गरिबीचा फोटो पाठवावा का? लोक म्हणतात, दुसऱ्याच्या दुःखावर बक्षीस मिळवता.

म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. तरीही असे फोटो काढले गेले पाहिजेत असं मला वाटतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं टिपलं नसतं, तर गटारात उतरणारा माणूस आपल्यातल्या कितीजणांनी पाहिला असता?

अशा फोटोत गोष्टीची जबाबदारी मोठी असते, कारण बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो ‘पुढे काय झालं?’ हा. मार्च १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने केविन कार्टर यांचा सुदानमधला फोटो छापला, भुकेने खचून खाली पडलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड. त्या मुलाचं काय झालं, असं विचारणारे इतके वाचक पुढे आले की चारच दिवसांत वृत्तपत्राला संपादकीय टीप छापावी लागली. मूल गिधाडापासून पुढे चालत गेलं, पण ते अन्नछत्रापर्यंत पोहोचलं की नाही हे माहीत नाही, असं त्या टिपेत होतं. पुढच्या वर्षी फोटोला पुलित्झर मिळालं, तरी त्या प्रश्नाने त्या फोटोची पाठ कधी सोडली नाही.

तुमच्या फोटोत कोणी आजारी, उपाशी, रडणारं असेल तर तुम्ही तिथे काय केलंत ते लिहा. काहीच केलं नसेल तर तेही लिहा. पाणी दिलं, रिक्षा बोलावली, शेजारच्याला हाक मारली, एवढंही पुरतं. आणि त्या माणसाला फक्त दुःखापुरतं ठेवू नका. तो काय काम करतो, काय खायला आवडतं, काय बोलला, यातलं एक तरी येऊ द्या.

कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड हे गोष्टीत लिहायचं का?

प्रवेशिकेत त्यासाठी वेगळा रकाना आहे. गोष्टीत तेव्हाच लिहा जेव्हा त्याने काही घडवलं असेल. ‘तीस सेकंदांचं एक्स्पोजर चालू होतं आणि तेवढ्यात आजोबा कंदील घेऊन चौकटीत आले’ यात तीस सेकंद गोष्टीचाच भाग आहेत.

एडिटिंग सांगायचं?

उजेड, रंग, थोडं क्रॉप याबद्दल सांगायची गरज नाही. काही काढलं किंवा घातलं असेल तर सांगा. विजेची तार काढली हेसुद्धा.

एआयकडून गोष्ट लिहून घेतली तर?

ओळखू येते. मागच्या खेपेला वेगवेगळ्या गावांहून आलेल्या प्रवेशिकांत वाऱ्याची ‘हळुवार झुळूक’ आणि ‘काळाच्या ओघात’ हे शब्द इतक्यांदा आले की मी मोजायचं सोडून दिलं. पकडलं जाण्यापेक्षा माझं दुखणं वेगळं आहे. तिथे तुम्ही होतात. थंडीत बोटं आखडली ती तुमची, चहावाल्याने तुम्हालाच विचारलं की एवढ्या पहाटे कशाचा फोटो काढताय. हे दुसरं कोणी कसं लिहिणार? शुद्धलेखन तपासायला किंवा बोलून टाइप करायला काय हवं ते वापरा, त्याला आमची हरकत नाही.

एआयने बनवलेलं चित्र मात्र फोटो म्हणून घेत नाही. २०२३ मध्ये ‘सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स’मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने आपल्याला मिळालेला पुरस्कार नाकारला आणि सांगितलं की हे चित्र एआयने तयार केलेलं आहे, स्पर्धा अशा चित्रांसाठी तयार आहेत का हे मला बघायचं होतं. आमच्या स्पर्धेचं उत्तर सोपं आहे. जिथे तुम्ही उभे नव्हता तिथली गोष्ट तुमच्याकडे नाही.

बाबांनी काढलेला जुना फोटो माझ्या नावाने पाठवू का?

त्यांच्या नावाने पाठवा, गोष्ट तुमच्या नावाने लिहा. आपल्या कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि त्याचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पण कायदा राहू द्या बाजूला. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. ज्याने डोळा लावून बघितलं त्याचं नाव खाली असावं, इतकं तरी आपण घरातल्या घरात करू शकतो. आणि कुटुंबाच्या अल्बममधले कितीतरी फोटो आईने काढलेले असतात, हेही एकदा विचारून बघा. वडिलांच्या कॅमेऱ्यात वडील स्वतः दिसतात तो फोटो कोणी काढला?

जुन्या फोटोंच्या गोष्टी मला फार आवडतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलेलं असतं, ‘मे, अलिबाग, बाळूची मुंज’. तेही स्कॅन करून पाठवा.

परीक्षक गोष्टीला गुण देतात का?

पहिल्या फेरीत परीक्षक फक्त फोटो बघतात, नावं आणि गोष्टी झाकलेल्या असतात. दुसऱ्या फेरीत दोन्ही. गोष्टीमुळे वाईट फोटो वर आलेला मी पाहिला नाही. पण दोन सारखेच चांगले फोटो असले की गोष्टीमुळे काटा हलतो, आणि खोटी वाटणारी गोष्ट चांगल्या फोटोला खाली ओढते. हे मी अनेकदा पाहिलंय.

शीर्षक कसं द्यावं?

साधं. ‘भिगवण, जाळं’ हे ‘आयुष्याचं जाळं’पेक्षा बरं.

गोष्टीवर हक्क कोणाचा?

तुमचा. आम्ही ती प्रदर्शनात लावतो. दुसरीकडे कुठे छापायची झाली तर विचारतो. बाकी ठिकाणी फोटो पाठवताना मात्र नियमावली शेवटपर्यंत वाचा. काही स्पर्धांच्या अटींत सगळे हक्क आयोजकांकडे जातात, आणि ते बारीक अक्षरांत असतं.

माझ्या फोटोमागे काहीच घडलेलं नाही. कासच्या पठारावर फुलं होती, वाकलो, काढला. यात कसली गोष्ट?

वाकलात कुठे? पावसात का उघडिपीत? फुलावर पाय पडू नये म्हणून कुठे पाय ठेवलात? सोबत कोण होतं आणि ते कंटाळलं का? फुलाचं नाव तेव्हा माहीत होतं की घरी येऊन शोधलं? यातल्या दोन प्रश्नांची खरी उत्तरं म्हणजे गोष्ट झाली. एका काकूंनी ‘सीतेची आसवं’ या फुलांच्या फोटोखाली फक्त इतकंच लिहिलं होतं की गुडघेदुखीमुळे खाली वाकता येईना, तेव्हा नवऱ्याने छत्री धरली आणि मी सरळ चिखलात बसले. तो निळा-जांभळा फोटो बघताना मला आता दर वेळी ती छत्री दिसते.

निकाल लागल्यावर फोटोतल्या माणसांना कळवायचं का?

कळवा, आणि जमलं तर एक प्रिंट नेऊन द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत खाली सरकतो, प्रिंट घरात राहते.

उजनीवरच्या त्या मुलाने दोन प्रिंट काढल्या होत्या, एक स्पर्धेतली आणि एक न कापलेली, अख्खी. तो पुन्हा भिगवणला गेला. त्याने सांगितलं, काकांनी स्पर्धेतली प्रिंट हातात घेतली, लांब धरून बघितली, मान हलवली. काकींनी दुसरी घेतली, पदराने पुसली आणि जाळ्याकडे न बघता मागच्या टोकावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘हे बघ, वल्हं माझ्या हातात हाय.’